डाव्या दाराचा पट्टा

प्रिय लीथ,

रविवारी गाड्यांचं प्रदर्शन आटोपून तू ॲडलेडला निघालास, तेव्हा मी फाटकापर्यंत आले नाही. पाय दुखत होते, असं तुला फोनवर सांगितलं. पाय ठणठणीत आहेत. भाऊ असलास तरी मला तुझं तोंड बघायचं नव्हतं. चार दिवस थांबले, राग ओसरेल म्हणून. पण भांडी घासताना, कपडे वाळत घालताना तो वाढतच चाललाय. फोन करत नाही, कारण फोनवर तू मध्येच बोलतोस. आता गप्प बसून वाच.

डॅडना अर्धांगाचा झटका आल्यावर सहा महिने त्यांनी शेडचं दारसुद्धा उघडलं नव्हतं. पोर्ट पिरीतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांवरच्या रेघा या माणसाने चाळीस वर्षं ब्रशने ओढल्या, आणि आता त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. बोलणं अर्धवट यायचं, म्हणून ते बोलायचेच नाहीत. एका सकाळी मी म्हटलं, तुमच्या जुन्या टोराना गाडीवरचे काळे पट्टे पार सोलून निघालेत, तयार चिकटपट्ट्या मिळतात, मी लावते. चिकटपट्टी हा शब्द ऐकून त्यांनी असं तोंड वाकडं केलं की मला हसूच आलं. कित्येक महिन्यांनी त्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं होतं. मी त्याच दिवशी पट्ट्या मागवल्या.

रोज सकाळी सात ते नऊ. त्यानंतर शेडचा पत्रा तापतो आणि पट्टी मऊ पडून ताणली जाते. आधी गाडीचा पत्रा धुऊन, पुसून कोरडा करायचा, मग बाटलीतून साबणाच्या पाण्याचा फवारा मारायचा, म्हणजे पट्टी लगेच धरत नाही आणि थोडी सरकवता येते. मग मागचा कागद हळूहळू सोडवत, प्लास्टिकच्या चपट्या पात्याने दाबून मधून बाहेर पाणी काढत जायचं. डॅड दुधाच्या क्रेटवर बसून हुकूम सोडायचे. "पाणी." मी मारायचे. "अजून. कंजूष." बॉनेटवरची पहिली पट्टी मी अशी काही लावली की सगळीकडे फुगे. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि एकेक शब्द जुळवत म्हणाले, "तुझ्या आईने... भिंतीला... कागद लावला होता. आठवतंय?" आणि हसले. मी ती सगळी सोलून पुन्हा लावली. राहिलेले फुगे सुईने टोचले, वळणांवर केस वाळवायचं यंत्र फिरवलं. बॉनेट, छप्पर, मागचं झाकण, उजवी बाजू. आठ दिवस लागले. डाव्या दाराचं नंतर सांगते.

रविवारच्या प्रदर्शनात टोराना ठेवायची होती, म्हणून शुक्रवारी तू आलास. मी डॅडना हाताच्या व्यायामासाठी हॉस्पिटलात घेऊन गेले होते. दीड तासाने परत आलो, तर तू शेडमध्ये बाह्या सरसावून उभा. "सरप्राइज," म्हणालास. "डाव्या दारावरचा पट्टा हँडलपाशी दोन मिलिमीटर खाली उतरला होता, ग्लेंडा. परीक्षक आधी तेच बघतात. काढला आणि उरलेल्या पट्टीतून नवा लावला. बघा आता, दोरी धरल्यासारखा." तू विचारलं नाहीस. दीड तास वाट बघितली असतीस, तर तुझं काय बिघडणार होतं? मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात डॅडनी माझं मनगट धरलं. ते दारापाशी गेले, डावा तळवा पट्ट्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला आणि म्हणाले, "सरळ आहे. छान." मग घरात गेले. तू खूश झालास. जुना पट्टा मला कचऱ्याच्या डब्यात सापडला, चोळामोळा करून टाकलेला. स्वतःलाच स्वतः चिकटलेला.

आणि रविवारी मैदानावर, हातात सॉसेज-पाव घेऊन, तू भेटेल त्याला सांगत होतास, "म्हाताऱ्याला आता दिसत नाही आणि ग्लेंडाचा हात काही तसा बसलेला नाही, शेवटी मलाच सरळ करावं लागलं." तुझ्यामागे चार पावलांवर घडीच्या खुर्चीत डॅड बसले होते. त्यांना झटका आलाय, लीथ. कान शाबूत आहेत.

आता ऐक. तो पट्टा माझ्या हातचा नव्हता. शेवटचं दार उरलं तेव्हा मी बाटली उचलली, तर ते म्हणाले, "सरक." क्रेट ओढत दारापाशी नेला आणि डाव्या हाताने, लीथ, ज्या हाताने त्यांनी झटका येईपर्यंत कधी चमचासुद्धा धरला नव्हता, त्या हाताने त्यांनी तो पट्टा लावला. मी फक्त दुसरं टोक धरून होते. दोन तास लागले. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. मागे सरकून बघितलं आणि म्हणाले, "वाकडा आहे." मी म्हटलं, काढू या का? म्हणाले, "हात लावशील तर बघ." त्या दुपारी त्यांनी खिमा भरलेले दोन मीट-पाय खाल्ले आणि तिसरा मागितला.

रविवारपासून ते पुन्हा खिडकीशी बसलेत. मंगळवारी मला म्हणाले की ब्रश कुणाला तरी देऊन टाक. तुझं बरोबरच होतं म्हणतात. आणि तुला यातलं काही कळवायचं नाही, अशी मला ताकीद आहे. म्हणून तुझी माफी मला नको. तू माफी मागितलीस तर मी सांगितलं हे त्यांना कळेल, आणि तुला त्यांची कीव आली हेही. एवढ्यासाठीच लिहिते आहे: पुढच्या शनिवारी तुझी ती नवी पांढरी यूट गाडी घेऊन ये, जिच्यावर तू धूळ बसू देत नाहीस. शेडमध्ये लाव आणि त्यांना म्हण, "डॅड, हिच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टा हवाय, तुम्ही लावून द्या." हाताला व्यायाम होईल वगैरे काही बोलू नकोस. ते नाही म्हणतील. तू चहा पीत बसून राहा आणि परत विचार. लावायला लागले की पाणी मार म्हणतील तेव्हा पाणी मारायचं, बाकी हात खिशात. आणि सोमवारी त्याच गाडीने कामावर जायचं. पट्टा कितीही उतरू दे, कुणी विचारलं की कोणी लावला, तर त्यांचं पूर्ण नाव सांगायचं. ॲडलेडला पोचून तो सोलू नकोस. मी येऊन बघणार आहे.

तुझीच, अजून रागातच असलेली,
ग्लेंडा