अर्धा राहिलेला अध्याय

नागपूर
१२ ऑगस्ट १९६२

ती. बा आणि माय यांस,
जयाचा सविनय जयभीम.

मी खुशाल आहे. खोकला गेला, मायला सांगा. तिनं दिलेल्या कुरोड्या मात्र खोलीतल्या मुलींनी पहिल्याच दिवशी फस्त केल्या. माझ्या वाट्याला रिकामा डबा आला.

एम.ए.च्या प्रबंधासाठी सरांनी मला विषय दिला आहे. जुन्या काळचे लोक काय वाचत आणि त्या वाचनाबद्दल काय लिहून ठेवत, हे शोधायचं. रोज ग्रंथालयात जुन्या हस्तलिखित पोथ्या चाळते. पोथी वाचून झाली की लोक शेवटच्या पानावर लिहीत: कोणी वाचली, कुठे बसून वाचली, ऐकायला कोण कोण होतं. एकानं लिहिलंय की डोळे गेले, म्हणून पुढचं सुनेकडून वाचून घेतलं. दुसऱ्यानं लिहिलंय की घर गळत होतं, पोथीवर घोंगडी धरून वाचन पुरं केलं. बा, ही माणसं कधीच मेली, पण त्यांचं ओलं घर मला दिसतं.

आबा आजोबांना विचाराल का, आपल्या घरात पूर्वी कोण काय वाचत असे? तेही मला लिहायचं आहे.

माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नका.
तुमची जया


बोरी अरब
२४ ऑगस्ट १९६२

चि. जया हिला आशीर्वाद.

तुयं पत्र भेटलं. घरचे सारे बरे हायेत. पऱ्हाटी बरी हाये, आता चार दिवस उघाड पाह्यजे.

तुया प्रश्न आबाले विचारला. ते म्हणाले, आपल्या घरात वाचणारा मी पहिला, माह्या आधी कोणाले अक्षर येत नव्हतं. लहानपणी सावनात गावात पोथी लागे. आबा तवा पाटलाच्या वाड्यामागं, भिंतीच्या पल्याड बसून आयकत. वारा तिकडून आला तं गोष्ट आयकू ये, नाही आला तं राहून जाये. त्याईले कितीक गोष्टी अशा अर्ध्याच ठाऊक हायेत.

पण छप्पन साली आपण दीक्षा घेऊन आलो अन् आबानं घरचे देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले, तेव्हापासून ते पोथीचं नाव काढू देत नाहीत. मले म्हणाले, पोरीले एवढ्या दूर शिकाले धाडलं ते त्याच पोथ्या उघडाले काय? मी म्हटलं, पोरगी देव नाही शोधून राह्यली, माणसं शोधून राह्यली. त्याईनं तोंड फिरवून घेतलं. तू मनाले लावून घेऊ नोको.

जीवाले जप.
तुया बा, देवराव


नागपूर
९ सप्टेंबर १९६२

ती. बांस,
जयाचा जयभीम.

मायला हे पत्र वाचून दाखवू नका. आबांचं मात्र तुम्हीच ठरवा.

दारव्ह्याकडून आलेली एक पोथी परवा हाती लागली. शके १७५२ ची. शेवटच्या पानावर वाचणाऱ्यानं ऐकायला आलेल्या सगळ्यांची नावं मानानं लिहिली आहेत. त्याखाली आणखी एक मजकूर आहे. अकरावा अध्याय अर्धा झाला असता भिंतीमागे एक जण ऐकताना सापडला, त्याला मारून हाकलला, जागा शुद्ध केली आणि अध्याय पहिल्या ओवीपासून पुन्हा वाचला. त्या माणसाचं नाव लिहिलेलं नाही. फक्त जात लिहिली आहे, ती आपली.

पान हातात होतं आणि मला आबाच दिसत होते. पुढे वाचवेना. सरांना दाखवलं, तर ते म्हणाले, हा मजकूर गाळ. आपला विषय वाचक आणि श्रोते असा आहे, तो काही श्रोता नव्हता, आणि परीक्षकांनाही हे रुचणार नाही.

बा, आबाच बरोबर होते. मी हा विषय सोडते. दुसरा घेतला तर वर्ष जाईल, पण त्या पोथ्यांना पुन्हा हात लावायची इच्छा नाही.

तुम्ही रागावणार नाही, एवढा विश्वास आहे.
जया


बोरी अरब
१८ सप्टेंबर १९६२

चि. जया हिला आशीर्वाद.

दोन दिवस पत्र खिशात ठेवून फिरलो. मंग आबाले वाचून दाखवलं, त्याईले आता बारीक अक्षर दिसत नाही. त्या रोजी ते जेवले नाहीत. तुया मायनं ताट झाकून ठेवलं, ते तसंच राह्यलं.

सकाळी त्याईनं मले हाक मारली अन् म्हणाले, पोरीले लिही, विषय सोडायचा नाही. ज्याईची नावं लिहिली, त्यातले किती जण डुलक्या घेत होते कोणाले ठाऊक. मार खायचं भेव असून जो आयकाले बसला, त्याच्यापरीस मोठा श्रोता कोणता? त्याले एकदा भिंतीमागून हाकललं, आता आपल्या पोरीच्या हातानं कागदातूनही हाकलायचं काय?

जया, मले तुया वर्षाची काळजी हाये. सर नाराज झाले तं कसं होईन, हे मनात येतेच. पण आबाचं म्हणणं मले पटलं.

अजून एक. उठून जाता जाता ते थांबले अन् म्हणाले, तो अर्धी गोष्ट घेऊन गेला, पुढचं त्याले कोणं सांगतलं असन? तुले भेटलं तं तो बाकीचा अर्धा अध्याय लिहून पाठवाले सांगतलं हाये. देवासाठी नाही, त्या माणसासाठी.

बा


नागपूर
३० सप्टेंबर १९६२

ती. बा आणि आबांस,
जयाचा जयभीम.

आबांचं म्हणणं मी सरांना जसंच्या तसं सांगितलं. ते रागावले. शेवटी म्हणाले, ठेवायचंच असेल तर तळटीप कर. मी म्हटलं, तळटीप म्हणजेही भिंतीच्या बाहेरच की. ते वही मिटून म्हणाले, गुण कमी पडले तर मला बोल लावू नकोस. मी तो मजकूर प्रबंधात मधोमध घेतला आहे. गुण किती पडतील ते पडोत.

अकराव्या अध्यायाचा उरलेला भाग माझ्या हातानं उतरवून सोबत पाठवते आहे. भाषा जुनी आहे, म्हणून अवघड शब्दांचा अर्थ कडेला लिहिला आहे. अरण्यात टाकून दिलेला राजाचा मुलगा आणि त्याला शोधत फिरणारी त्याची आई, अशी गोष्ट आहे. त्या माणसाला हाकललं, तेव्हा आई नुकतीच अरण्यात शिरली होती.

आबा, हळू आवाजात वाचू नका म्हणावं बांना.
जया


बोरी अरब
७ ऑक्टोबर १९६२

चि. जया हिला आशीर्वाद.

तुये कागद आले. आयतवारी दुपारी आंगनात बसून मी मोठ्यानं वाचले. आबा खाटेवर होते, तुयी माय दाळ निवडत होती, शेजारची धुरपताबाई येऊन बसली. वाड्याकडच्या रस्त्यानं जाणारे दोघं थांबले, त्याईलेही आबानं आत बोलावून बसवलं.

आबा डोळे मिटून आयकत होते. मायलेकराची भेट झाली तिथं धुरपताबाईनं पदर डोळ्याले लावला. मी वाचत राह्यलो. संपल्यावर आबानं इचारलं, झालं काय सारं, काही राह्यलं तं नाही? मी म्हटलं, काही नाही राह्यलं.

तवा त्याईनं डोळे उघडले. आमच्यातल्या कोणाकडंच पाह्यलं नाही. भिंतीकडं पाहून, आपल्या माणसाशी बोलावं तसं हळूच म्हणाले, झाली गोष्ट, जाय आता घरी बापा.

मंग ताट वाढाले सांगतलं.

तुया बा, देवराव