सांबारवडीचा डबा

प्रिय आई,

जय भीम. पिंकी, हे पत्र आईले मोठ्यानं वाचून दाखवू नको. तिच्या हाती दे, चष्मा लावून ती स्वतः वाचीन.

आई, मी मोरबीत बरा आहो. टाइलच्या भट्टीपुढं उभा राहून वाळलो, पण रायपूरच्या उरला कारखानपट्टीतल्या रोलिंग मिलपेक्षा बरं. पोट्टा एका जागी टिकत नाही असं दयाराम मामा म्हणते, तर म्हणू दे. फोनवर हे बोलता आलं नसतं. तू मधातच रडली असती अन् मी फोन ठेवून दिला असता.

तो दोन हजार एकचा डिसेंबर आठव, संसदेवर हल्ला झाला होता. रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन वर्ष झालं होतं. शंकर नगरात लाल दिव्याच्या गाड्या पळत अन् आपल्या पाऱ्यात सारा मोहल्ला टीव्हीपुढं, लढाई आज लागते का उद्या. बाबा फौजेत ड्रायव्हर, तिकडं बंगालमध्ये. शेजारच्या गंगाधर काकाच्या घरी बाबाचा फोन आला, आमची फौजेची स्पेशल रेल्वे रायपूरवरून बॉर्डरवर जाईन, दिवस सांगता येत नाही. झालं! तू रोज पहाटे कोथिंबीर भरून सांबारवडी तळायची, बाबाचं नाव कोरलेल्या लग्नातल्या स्टीलच्या डब्यात भरायची अन् मले घेऊन स्टेशनवर. संध्याकाळी तीच पाऱ्यात वाटायची. बाया हसत, 'शेवंता, लढाई होवो न होवो, आमची पार्टी चालू ठेव.'

चौथ्या दिवशी फौजेची गाडी आली. शिपाई तुले पुढं जाऊ देईना, मी त्याच्या हाताखालून घुसलो. परत येऊन सांगितलं, बाबा खिडकीतून हसले, डबा घेतला. त्या दिवशी तू पोटभर जेवली. पुढं बाबाची दोनच पत्रं आली, त्यात डब्याचं नावही नव्हतं. तू म्हणाली, फौजेत सारंच लिहू देत नाही.

लढाई झालीच नाही. उन्हाळ्यात तिकडं रेतीत बाबाचा ट्रक उलटला अन् बाबा गेले. ट्रंक आली, त्यात डबा नव्हता. शाळेत एक पोट्टा म्हणे, 'लढाईच नाही झाली, मग तुहा बाप कायचा शहीद?' मी त्याचं नाक फोडलं. गुरुजी म्हणाले, माफी माग. काहून मागू? सहावी तिथंच सुटली. मले आजही त्याचं दुःख नाही.

आता पिंकी सांगते, सव्वीस जानेवारीले विहारात बाबाचा फोटो लागून राहिला, नागपूरवरून त्यांचे फौजेतले सोबती रामकृष्ण काका येऊन राहिले, अन् तू साऱ्यांपुढं त्यांना विचारणार, 'माह्या नवऱ्याचा डबा कोणं ठेवून घेतला?' विचारू नको आई. काका बाबाच्याच स्पेशल रेल्वेत होते. ते सांगतील, आमची गाडी अलाहाबादवरून फिरवली, रायपूर आलंच नाही. मग सारा पारा तुह्याकडं पाहीन. मी पाहिली त्या गाडीत बाबा नव्हतेच. डब्बे-डब्बे हिंडलो, ओरडलो. एका मिशीवाल्या फौजीनं विचारलं, 'किसको ढूंढ रहा है बेटा?' गाडी हलली अन् मी डबा त्याच्या हाती देऊन टाकला. खोटं मी बोललो, तू नाही. माफी मागून नाही राहिलो. तू चार दिवस जेवली नव्हती. आजही तेच बोलीन. पंचवीसले मी पोहोचतो, ज्याले विचारायचं त्यानं मले विचारावं. तू सांबारवडी तळून ठेव. अन् कोणी म्हटलंच, डबा कुठं गेला, तर मान वर करून सांग, बॉर्डरवर गेला.

तुझाच, कुठंच न टिकणारा,
प्रशिक