संगीताबाईला कुणी सांगितलं?

साखरा,

तू शेरडं घेऊन गेलीस, मी अंबाजोगाईच्या दवाखान्यात चाललोय. आजारी न्हाई, घाबरू नको. खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्यांना तिथं वाट दाखवायला फुकटात माणूस पायजे म्हणं. त्यापायी ती दवाखान्यातली संगीताबाई दोनदा घरी येऊन गेली. मला लई संशय आला, एवढ्या गावात हा रिटायर कंडक्टरच कावून पायजे?

काल म्हणती कशी, "काका, बावरलेल्या पाशिंजराला तुमी तिकिटाआधी त्याचं गाव इचारायचे ना?"

आगं, हे उभ्या संसारात मी फक्त तुला सांगितलंय!

तूच बोलली असशील तर कबूल करू नको. दवाखान्यावाल्यांनीच आपणहून मला हुडकलं असं वाटतंय, म्हणून तर पाय उचललाय.

– धुळाजी