अक्कांच्या हातचा खटका

१० जाने. ९४, धुळे
पहाटेच्या एस.टी.ने जळगाव सोडलं, एरंडोलच्या पुढे गाडी बंद. दूध संघात पोचलो तर दारात कॅनची रांग आणि दूधवाल्यांच्या शिव्या. मशीन पुन्हा बसलं होतं. युनिक्सचं एकच मशीन (कॉम्प्युटर), त्याला आठ टर्मिनल, म्हणजे नुसते पडदे आणि कीबोर्ड. ते उठल्याशिवाय पावती नाही, पावतीशिवाय दूध आत नाही. चालू होताना स्क्रीनवर एकेका ड्रायव्हरचं (आतला एकेक भाग चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं) नाव येतं, टर्मिनल जोडलेल्या कार्डापाशी आलं की गप्प. मी पोचेपर्यंत नानांनी (जुने हेडक्लार्क) रीसेट मारून उठवलंही होतं. म्हणजे दुरुस्तीला आलेल्या मला बघायला काहीच नाही. नेहमीचं माझं नशीब.

सकाळी मशीन चालू करायचं काम कमलअक्कांचं. नवरा संघाच्या टँकरवर होता, साक्रीकडच्या घाटात अपघातात गेला. त्याच्या जागी यांना तात्पुरतं घेतलंय. कायम करायचं की काढायचं, ते महिनाअखेरच्या मीटिंगला ठरणार. नाना माझ्या कानाशी : "तिना हात लागना का मशीन बसी जास, भाऊ. बठ्ठासले माहीत शे."
अक्का शेजारच्या टेबलावर होत्या. ऐकलंच असणार.

११ जाने.
मॅनेजरसाहेबांनी समोर बसवून समजावलं. अक्का रजेवर असल्या की मशीन ठीक. अक्कांनी चालू केलं की बसतं. नंतर नानांनी केलं की लगेच उठतं. "आम्ही अंधश्रद्धाळू नाही हो. पण तुम्हीच सांगा." मी काय सांगणार, कपाळ?
कार्ड आणि प्रिंटर एकाच इंटरप्टवर (मशीनला हाक मारायच्या नंबरावर) सापडले. हे कॉन्फिगरेशन कोणी केलं देव जाणे. कार्डाला वेगळा नंबर दिला, कर्नल (युनिक्सचा गाभा) पुन्हा लिंक केलं. किती वेळा रीसेट मारले, प्रत्येक वेळी सुरळीत. खूश होऊन घरी.

१२ जाने., जळगाव
संघाचा फोन आमच्या शेठच्या कॉम्प्युटरच्या दुकानात. सकाळी अक्कांनी चालू केलं, बसलं. शेठ : "तू तिथे जाऊन नेमकं केलंस काय?"
खरंच, काय केलं?

१४ जाने., धुळे
संक्रांत. ऑफिसात तिळगूळ. अक्कांनीही डबा आणलेला, टेबलावर उघडा ठेवलेला. माणसं त्या टेबलाला वळसा घालून जात होती. मी दोन लाडू उचलले. "भाऊ, तुम्ही तरी..." एवढंच म्हणाल्या.
कार्डवाल्यांनी ड्रायव्हरचा सोर्स फ्लॉपीवर दिलाय, हे एक बरं. त्यात जागोजागी मेसेज टाकले, कुठे अडकतं ते दिसावं म्हणून. दिवसभर रीसेट मारत बसलो. एकदाही अडकलं नाही. दुपारी मनात आलं, आज अक्का मशीनजवळ फिरकल्याच नाहीत. आलं मनात, खोटं कशाला लिहू. स्वतःची इतकी लाज वाटली की चहा तसाच राहिला.

१७ जाने.
धुळ्यातच मुक्काम. पहाटे अक्कांच्या आधी जाऊन बसलो. म्हटलं, रोज करता तेच करा, मी इथे नाहीच समजा.
त्यांनी भिंतीवरचा मेन खटका वर केला. मशीन, टर्मिनल, ट्यूबलाइट, सगळं एकदम चालू! इथे लाइट इतकी जाते-येते की मशीनचं, टर्मिनलचं बटण कोणी कधी बंदच करत नाही. घरी जाताना मेन पाडायचा, सकाळी वर करायचा. आणि मी मूर्ख चार दिवस रीसेट मारतोय.
मशीन कार्डापाशी येऊन गप्प. माझा मेसेज समोर. अक्का भिंतीला टेकून, "बघितलं ना?"
"बघितलं! अहो अक्का, बघितलं!" मी हसत सुटलो. त्यांना वाटलं त्यांनाच हसतोय. मग समजावता समजावता नाकी नऊ आले.

१८ जाने.
सापडलं. टर्मिनलला वीज मिळाली की ते कधी कधी तारेवर एखादं कचरा अक्षर फेकतं. ते कार्डात पडून राहतं. ड्रायव्हर आधी इंटरप्ट उघडतो आणि त्याचं कुलूप (एका वेळी एकालाच आत सोडणारं) मोकळं असल्याची खूण नंतर करतो. उलटं हवं होतं. मधल्या फटीत ते अक्षर आत घुसतं. इंटरप्टचं काम कुलूप मोकळं व्हायची वाट बघत बसतं, आणि कुलूप मोकळं करणारा ड्रायव्हर ते काम संपायची. बसा दोघं जन्मभर. रीसेटच्या वेळी कार्ड कोरं होतं, टर्मिनल आधीपासून चालू असतात, नवा कचरा पडत नाही, म्हणून दुसऱ्या हाताला यश.
आणि अक्कांच्या रजेचं कोडं? तेव्हा मेन वॉचमन वर करतो आणि निघून जातो. नाना मागून येतात ते सवयीने आधी रीसेटच दाबतात. बसलेलं मशीन कोणी बघतच नाही. दिवसा लाइट जाऊन आली तरी तेच.
दोन ओळींची अदलाबदल, कर्नल लिंक. मेन पाड, मेन वर कर, हात दुखेपर्यंत. एकदाही बसलं नाही. पोटभर जेवलो.

१९ जाने.
मॅनेजरसाहेबांना सगळं सांगितलं, कागदावर चित्र काढून.
"म्हणजे पहिला हात लावेल त्याच्या वेळी बसणार?"
"हो, कोणीही असो."
"आणि पहिला हात त्यांचाच."
"हो, पण..."
"मग आम्ही वेगळं काय म्हणत होतो?"
डोकं फिरलं माझं. आवाज चढला, तर म्हणे बसा, पाणी घ्या. तोवर मशीनला हार घातला, नारळ फोडला, नानांनी मेन वर केला. उठलं. टाळ्या. नाना पाठीवर थाप मारून : "नारय लागू पडना, भाऊ!"
अक्का दारात उभ्या होत्या. प्रसाद त्यांच्यापर्यंत पोचला की नाही, बघायचं राहिलं.

२५ जाने., जळगाव
संघात फोन केला. रोज नीट उठतं. चालू कोण करतं? नानाच. अक्का? कॅन धुवायच्या शेडमध्ये टाकल्या. आणि कायम करायचं काय? "सोम्मारनी मीटिंगमा देखसूत."
शेठ म्हणाला, मशीन चालतंय ना, मग तुझं काम संपलं. खरंच संपलं. तरी जेवण गेलं नाही.

३१ जाने., धुळे
आज मीटिंग. शेठला न सांगता आलोय. वॉचमनने ओळखून दार उघडलं. अक्कांना शेडमधून बोलावून आणलं. म्हटलं, आज तुमच्या हातानेच होऊ दे. साहेब आले की चालू मशीनपुढे तुम्हीच बसलेल्या दिसायला हव्यात.
खटक्याखाली उभ्या राहिल्या. ओले हात पदराला पुसले, परत पुसले. "उठलं तर म्हणतील, भाऊ उभे होते म्हणून उठलं. नाही उठलं तर मी आहेच."
मग मी बाहेर जातो, म्हटलं. दारापर्यंत आलो तर मागून, हळूच, "आते मालेच तसं वाटाले लागनं, भाऊ."

व्हरांड्यात बसून हे लिहितोय. दार लोटलेलं आहे. कॅनची पहिली गाडी फाटकात आली, तिच्यामागे नानांची सायकल दिसतेय. आतून खटक्याचा आवाज अजून आलेला नाही.