पिन काढली होती

आईचा हात कंप्युटरच्या भिंतीवरच्या पिनेवरून काढला, तिला खाटेवर बसवलं आणि लिहायला घेतलं.

"ईज कडाडून राहिली. तुझा डबा जळंल, मंग मला म्हणू नको."

"न्हाई म्हणत, आई."

मी राधिका मसाजी पोले, वय ४२, राहणार शिरड शहापूर. उद्या डोक्याच्या शस्त्रक्रियेसाठी नांदेडला जात आहे. आज बुद्धी आणि हात दोन्ही ठिकाणावर आहेत. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही.

१. दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक आई चांगुणाबाई हिला.

२. शेळ्या भाऊ शिवप्रसादला. माझ्या लग्न न करण्यावरून त्याने नऊ वर्षं अबोला धरला. शेळ्यांचा त्यात संबंध नाही.

३. कोपऱ्यातलं कंप्युटरचं मशीन उद्यापर्यंत कोणी बंद करू नये. माझं काम कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं. जून २०२० मध्ये, घरून काम करताना, एक दोष शोधत होते. मशीन मधूनच हँग व्हायचं आणि आपोआप पुन्हा सुरू व्हायचं. प्रोग्रॅममध्ये झालेल्या हजारो बदलांच्या बरोबर मधली आवृत्ती चालवायची. हँग झाली तर दोष आधीच्या अर्ध्यात, टिकली तर नंतरच्या. असं अर्धं अर्धं करत एका बदलावर आले. तो माझ्या हाताखालच्या प्रज्ञेश इंगोलेचा होता. "मॅडम, एकदा परत चालवून बघा," तो म्हणाला. मी बघितलं नाही. माझ्या अहवालावर त्याची नोकरी गेली. त्याचा बदल काढल्यावरही पुढे दोष परत दिसला. तो वेगळा आहे असं मी ठरवलं.

वीस दिवसांपूर्वी वीज चमकली तेव्हा आई पिनेकडे गेली. मी ओरडले.

"काहून वरडून राहिली? गोठ्यावर ईज पडली त्या दिशी बी काढली व्हती. थांबल्यावर बराबर लावली."

२०२० ची नोंदवही काढली. गोठ्यावर वीज पडल्याच्या तारखेला मी 'हँग' लिहिलं होतं. पिन काढून लावली तरी मशीन तसंच बंद पडून आपोआप सुरू होतं; घरात इन्व्हर्टर होता, म्हणून वीजपुरवठा तुटल्याची शंका आली नव्हती. पुढचा सगळा शोध चुकीच्या अर्ध्यात झाला.

४. प्रज्ञेशचा बदल असलेली आवृत्ती दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सुरू केली. सदोष आवृत्ती नऊ दिवसांवर कधी टिकलेली नाही. उद्या सकाळी सहाला वीस दिवस भरतात. टिकली तर सोबतचं पत्र साक्षीदार धम्मानंद यांनी कंपनीला आणि प्रज्ञेशला पाठवावं. चूक माझी, असं त्यात आहे. हँग झाली तर फाडावं.

५. आईला यातलं काही समजावू नये. तिने घर वाचवायला पिन काढली. विचारायचं मी राहिले.

साक्षीदार: धम्मानंद खिल्लारे, शिक्षक. ओमप्रकाश राठोड, शेजारी. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: राधिका मसाजी पोले
शिरड शहापूर, १० जून २०२५

११ जून, सकाळी सहा वाजून पाच मिनिटं. मशीन चालू आहे. पत्र मी स्वतः पाठवलं. कलम ४ खोडलं, तिघांनी पुन्हा सह्या केल्या. साडेसहा वाजले, नांदेडला निघत आहोत; प्रज्ञेशचं उत्तर अजून आलेलं नाही.