‘नुसती नर्स’

लीड्स

डेक्लन,

मंगळवार, ४ मार्च, सकाळी सव्वाअकरा वाजता तू फोनवर माझ्या नवऱ्याला म्हणालास, "अरे मार्टिन, ती नुसती नर्स! खऱ्या डॉक्टरची वाट बघ."

त्या नर्सने, हिलरीने, त्याची छाती तपासून आजच्या आज हॉस्पिटल गाठा म्हणून चिठ्ठी दिली होती. त्यासाठी ती जास्तीचं शिकलीय, तिला तो अधिकार आहे. तुला कोणता आहे? तुझं ऐकून हा दोन दिवस घरीच बसला. आता हॉस्पिटलात पडलाय: न्यूमोनिया, नाकाला ऑक्सिजन. घाबरू नकोस, काल थोडं सूप प्याला.

तुझाही खोकला महिनाभर थांबलेला नाही, असं तुझी बायको कळवते. तुमच्या स्लायगो गावच्या दवाखान्यातही अशी नर्स बसते. तिला छाती दाखव आणि ती काय म्हणाली ते शुक्रवार, १४ मार्चच्या आत मला लेखी कळव. फोन करशील तर उचलणार नाही.

भयंकर चिडलेली तुझी बहीण,
उना