माझी कडवी, तुझी कडवी

ता. ४ फेब्रुवारी

ती. आक्कास,
बारक्याचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझ्या घशाचं ऑपरेशन ठरल्याचं कळलं आणि हातच चालेना. आवाज राहील की जाईल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. असं तोंडावर सांगतात का कुणाला? फोनवर विचारावं, तर मला ऐकू येत नाही. नुसतं हो-हो करतो.

एक मागणं आहे. तारुण्य सरल्याची ती जुनी कविता बाबांनी आपल्याला पाठ करायला लावली होती. आपण कामचुकार, कडवी वाटून घेतली. एक माझं, एक तुझं. बाबा डोळे मिटून मान हलवायचे. माझी शाळा चौथीत सुटली, पण माझी कडवी शिलाई मशीनवर बसून जन्मभर म्हटली. मास्तर, गिऱ्हाईक पळेल, असं कारागीर म्हणायचे. तुझी मात्र एकही येत नाहीत. पुस्तकही गेलं. ऑपरेशनच्या आधी तेवढी लिहून पाठव. नंतरचं कुणी पाहिलंय?

जिवाला जप.
तुझा बारक्या

ता. ९ फेब्रुवारी

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

तोंडात दात नाहीत आणि चिरंजीव! पण धाकटा तो धाकटाच.

लिहायला बसले, पण तुझं कडवं कानावर पडल्याशिवाय माझं पुढचं येतच नाही. बाबांसमोरची सवय. एकच आठवलं, कारण तुझं तेवढंच मला ठाऊक आहे:

ओंजळीचे पाणी, गळे बोटांतूनी,
तैसीच जवानी, सरे माझी.

त्यावर माझं होतं:

हात तरी ओले, मुखी फिरविले,
तेवढेच झाले, पुरे मज.

अरे, सगळी कविता अशीच असणार. रडायची कडवी तुझ्या वाट्याला आली, डोळे पुसायची माझ्या. तू बापडा जन्मभर अर्धीच म्हणत बसलास.

बाकीची हवी असतील तर इथे ये आणि समोर बसून म्हण. ऑपरेशन वीस तारखेला आहे. बस लागते ही सबब नको. मलाही भीती वाटते रे.

माया आहेच, ती वेगळी काय लिहू?
आक्का

ता. १२ फेब्रुवारी

ती. आक्कास शि. सा. नमस्कार.

तुलाही भीती वाटते, हे वाचलं आणि पिशवी भरली. सोळा तारखेच्या सकाळच्या बसने निघतो. सूनबाई म्हणाली, मामंजी, चार दिवसांसाठी तीन स्वेटर कशाला? तिला काय कळतंय.

तोवर बोलू नकोस. शेजारणीशी भांडण तर मुळीच नको. आवाज साठवून ठेव. मी माझी कडवी म्हणेन, तू तुझी म्हण, आणि मी ती पाठ केल्याशिवाय उठणार नाही. हल्ली काही लक्षात राहत नाही, पण घोकेन.

मग ऑपरेशननंतर आवाज आला तर उत्तमच. नाही आला, तर दोघांचीही कडवी मी म्हणत जाईन. तुझं कडवं आलं की तू बाबांसारखी डोळे मिटून नुसती मान हलव. मला समजेल.

फक्त ऑपरेशनची तारीख अलीकडे तर आली नाही ना? तेवढं लगेच कळव. दोन ओळी पुरे, पण कळव.

तुझा बारक्या